घरच्या घरी निवांत फेशियल: क्रम, मापं आणि वाफ नेमकी किती?

विश्रामबागकर

नमस्कार मंडळी. सांगलीत राहते, वय ३४. पार्लरमध्ये दोन-दोन तास बसणं जमत नाही, आणि खरं सांगायचं तर तिथल्या गप्पाही नको असतात. रविवारी रात्री मुलं झोपली की तासभर मिळतो, त्यात घरीच नीट फेशियल करायचंय. गोरं वगैरे व्हायचं नाहीये. चेहऱ्याचा आणि डोक्याचा ताण उतरावा, त्वचा जरा मऊ लागावी, बास.

त्वचा मिश्र आहे: कपाळ, नाक, हनुवटी तेलकट आणि गाल कोरडे. नाकावर ब्लॅकहेड. मिरजेला रोज दुचाकीवरून ये-जा, त्यामुळे धूळ भरपूर. बिल्डिंगला बोअरचं पाणी.

नात्यातल्या एकीने ही यादी दिलीय: साखर-लिंबाचा स्क्रब ५ मिनिटं, मग १५ मिनिटं वाफ, मग पिनेने ब्लॅकहेड काढायचे, मग बेसन-हळद-लिंबू-दही असा पॅक पूर्ण सुकेपर्यंत, आणि शेवटी बर्फ चोळायचा. क्रम बरोबर आहे का? मापं काय घ्यायची? आणि यात मसाज कुठेच नाही, तो कधी करायचा?

ब्यूटीक्लास_सातारा

ताई, एखादा पदार्थ बदलून ही यादी सुधारणार नाही, सगळीकडे जोरच जास्त आहे. साखर घासणार, लिंबू झोंबणार, वाफ भाजणार, पिन टोचणार, आणि वर त्याच चेहऱ्यावर बर्फ. यातली एखादी गोष्ट त्वचा सोसून घेईल. पाचही एका तासात झाल्या तर सोमवारी सकाळी गाल लाल आणि खरखरीत होणार. पार्लरमधून उठल्यावर जे बरं वाटतं त्यात पॅकचा वाटा थोडा. खरं काम गरम टॉवेल, मसाज आणि डोळे मिटून आडवं पडणं यांचं. घरी करताना नेमकं तेच गाळलं जातं.

क्रम असा धरा: चेहरा धुणं, अगदी हलका स्क्रब (नाही केला तरी चालतो), गरम पंचा किंवा थोडी वाफ, मसाज, पॅक, मॉइश्चरायझर. ५० मिनिटं पुरतात. त्यातली निम्मी मसाजात आणि पॅक लावून पडून राहण्यात गेली पाहिजेत.

सगळं आधी एका ताटात मांडून ठेवा, नाहीतर पॅक लावलेल्या तोंडाने बेसन शोधत स्वयंपाकघरात फिरायची वेळ येते. जुने, धुऊन मऊ झालेले दोन सुती पंचे लागतील. फार जाड टर्किश टॉवेल घेऊ नका, त्यात पाणी राहतं आणि ते मानेवरून ओघळतं. पंचे लांबट घडी करून गुंडाळा, कडकडीत पाण्यात बुडवून चिमट्याने बाहेर काढा, हाताला सोसवेल इतपत निवले की घट्ट पिळा आणि पोळ्या गरम ठेवायच्या डब्यात झाकून ठेवा. पंधरा-वीस मिनिटं छान गरम राहतात. चेहऱ्यावर ठेवण्याआधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. तिथे चटका बसला तर चेहऱ्यालाही बसणार.

चेहरा धुताना आधी काजळ आणि सनस्क्रीन काढा. अर्धा चहाचा चमचा बदाम तेल कोरड्या चेहऱ्यावर फिरवून ओल्या कापसाने पुसलं की निघतं. मग फेसवॉश, एक मिनिट, कोमट पाण्याने. बोअरचं पाणी जड असतं. त्यातल्या कॅल्शियमबरोबर साबणाचा चिकट थर तयार होतो आणि तो त्वचेवर राहतो, धुतल्यावर चेहरा ओढल्यासारखा वाटतो तो त्यामुळेही. म्हणून अंघोळीचा साबण नको, फेसवॉश घ्या, आणि शेवटचा एक तांब्या फिल्टरच्या पाण्याचा ठेवा.

स्क्रबला साखर नको. दाण्याला धारदार कडा असतात आणि लिंबाच्या चमचाभर रसात ती विरघळतही नाही. अक्रोडाच्या टरफलाच्या भुकटीचंही तेच. मसूर डाळीचं वस्त्रगाळ पीठ एक चहाचा चमचा घ्या, दोन चमचे दुधात कालवा आणि बोटांच्या पेरांनी ३० ते ४० सेकंद फिरवा. पाच मिनिटं नव्हे. कोरड्या गालांवर तर नुसता हात फिरला तरी पुरे. दिवाळीचं उटणं अंगासाठी असतं, त्यात नागरमोथा, कचोरा, संत्र्याची साल जाडसर दळलेली असते. ते चेहऱ्याला लावायचंच असेल तर आधी मलमलीतून गाळा. कापडावर उरेल ते अंगाला, खाली पडेल ते तोंडाला.

लिंबू पूर्ण बाद. त्वचा स्वतः किंचित आम्ल असते, पीएच साधारण ४.५ ते ५.५. लिंबाच्या रसाचा पीएच २ च्या आसपास, म्हणजे शेकडो पटींनी जास्त आम्ल. शिवाय लिंबाच्या रसातले आणि सालीतले काही घटक त्वचेवर राहिले आणि ऊन लागलं तर फोड येतात किंवा महिनोन्महिने न जाणारे तपकिरी डाग पडतात. तुम्ही सकाळी दुचाकीवर उन्हात निघणार, म्हणजे तर नकोच. त्याला उतारा म्हणून काहीजणी खायचा सोडा लावतात. तो उलट्या टोकाचा, पीएच ८ च्या वर.

आता वाफ. एक ते दीड लिटर पाणी रुंद पातेल्यात उकळा, गॅस बंद करा, पातेलं टेबलावर जाड फडक्यावर ठेवा आणि दोन मिनिटं थांबा. मग फूटभर अंतरावरून ३ ते ५ मिनिटं, डोळे मिटून. डोक्यावरून टॉवेलचा तंबू सर्दीसाठी ठीक. फेशियलला खांद्यावरून सैल पंचा पुरतो, कारण बंद तंबूत उष्णता एकदम चढते आणि गालांच्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात. पेटत्या गॅससमोर वाकून वाफ कधीच घेऊ नका, आणि मुलं जागी असताना पातेलं खाली जमिनीवर ठेवू नका. पाण्यात बाम, कापूर, नीलगिरीचं तेल घालायची हौस असते. डोळे चुरचुरतात, बाकी काही होत नाही. तुळशीची पानं घाला हवी तर, वास चांगला येतो.

वाफेने रंध्रं 'उघडतात' आणि बर्फाने 'मिटतात' असं सांगितलं जातं. रंध्राला उघडझाप करणारा स्नायूच नसतो. वाफेने आतला तेलाचा मेणासारखा गोळा मऊ होतो, एवढाच फायदा, आणि तो पाच मिनिटांत होऊन जातो. पुढची दहा मिनिटं त्वचा फक्त लाल होते आणि नंतर पाणी सोडून अधिक कोरडी पडते.

निवांत

वरच्यांनी बरंच लिहिलंय, मी फक्त मसाजाचं लिहिते. तो वाफेनंतर आणि पॅकच्या आधी.

तेल किती? चेहऱ्याला ८-१० थेंब, मानेला तितकंच. कमी घेतलं तर त्वचा ओढली जाते, जास्त घेतलं तर बोटं घसरतात आणि दाब लागत नाही. बदाम किंवा तिळाचं तेल चालेल. खोबरेल कोरड्या गालांना सोसतं, पण पुळ्या येणाऱ्या कपाळाला आणि हनुवटीला नको, तिथे रंध्रं तुंबतात. तेल नको असेल तर दुधाची ताजी साय दोन चमचे. ती मात्र आठ-दहा मिनिटांत पातळ होते, म्हणून थोडी थोडी घ्या.

सुरुवात मानेपासून, चेहऱ्यापासून नाही. चेहऱ्यातलं साचलेलं पाणी कानाजवळून मानेच्या बाजूने खाली उतरतं, म्हणून आधी ती वाट मोकळी करायची. कानाच्या पाळीखालून गळ्याच्या आडव्या हाडापर्यंत तळवा अलगद खाली आणा, दोन्ही बाजूंना पाच-पाच वेळा. दाब अगदी हलका. इथे जोर लावून काही मिळत नाही, आणि घशाच्या मधोमध तर दाबायचंच नाही.

मग जबडा. तर्जनी आणि मधलं बोट वाकवून त्यांच्या मध्ये जबड्याची कड धरा आणि हनुवटीपासून कानापर्यंत सरकवा, सहा-सात वेळा. आता दात एकदा घट्ट आवळा. कानाच्या पुढे, थोडं खाली, एक गोळा फुगलेला लागेल. तो चावायचा स्नायू. दिवसभराचा सगळा राग, गाडी चालवतानाचं दात-ओठ आवळणं, स्क्रीनसमोरचं बसणं तिथे जमा होतं. तोंड सैल सोडा, दातांमध्ये फट राहू द्या, आणि दोन बोटांनी त्या गोळ्यावर सावकाश गोल फिरवा. एका बाजूला ४० सेकंद ते एक मिनिट. दुखरा ठिपका सापडला तर तिथे बोट न हलवता दहा सेकंद नुसतं टेकवून ठेवा आणि श्वास सोडा. संपूर्ण फेशियलमध्ये एकच गोष्ट करायला वेळ असेल तर ही करा. (दात खातात किंवा जबडा कटकट वाजतो अशांनी जोर लावू नये, आणि दुखणं राहिलं तर दंतवैद्याला दाखवावं.)

गालांवर नाकपुडीच्या बाजूपासून गालाच्या हाडाखालून कानाकडे. डोळ्यांभोवती फक्त अनामिका, कारण तिच्यात मुळातच जोर कमी. भुवईवरून बाहेर, डोळ्याखालून आत, असे पाच सावकाश फेरे. हाडावरून फिरायचं, पापणीवरून नाही. लेन्स असेल तर आधी काढून ठेवा.

कपाळावर दोन्ही तळवे एकामागून एक, भुवयांच्या मधून केसांच्या रेषेपर्यंत वर. मग मधून कानशिलांकडे, आणि कानशिलावर दहा सेकंद स्थिर दाब. शेवटी दहाही बोटं केसांत घाला आणि डोक्याची कातडी हाडावर हलवा. बोटं केसांवरून घासायची नाहीत. घासलं तर केस तुटतात, हलवलं तर डोकं हलकं होतं. कानाच्या पाळ्या दोन-तीनदा हळू खाली ओढल्या की झालं.

एकूण आठ-दहा मिनिटं. चुकतं कुठे, तर तीन ठिकाणी. नखं वाढलेली असतात. पिकलेल्या पुळीवरूनही मसाज होतो, आणि ती आणखी चिडते. तेवढी जागा सोडून द्या. आणि लोक उभ्याने आरशासमोर करतात, त्यात खांदे कानाला टेकलेले राहतात. पलंगावर भिंतीला टेकून बसा, कोपराखाली उशा घ्या, आरसा नको. मसाज झाला की डब्यातला पहिला पंचा उलगडून चेहऱ्यावर ठेवा, नाक मोकळं सोडून, मिनिटभर. जास्तीचं तेल त्यातच टिपलं जातं.

हळदपेठ

आता आमच्या सांगलीच्या हळदीवर येऊ. इथल्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, रंगाला ती गडद, आमटीत छान. तोंडाला लावताना मात्र तो गडदपणाच नडतो. हळदीत साधारण २ ते ५ टक्के कर्क्युमिन असतं, तोच पिवळा रंग. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून अर्धा चमचा हळद लावून नुसत्या पाण्याने धुतलं की सोमवारी ऑफिसात सगळे विचारतात, हळदीला कोणाच्या गेला होतात.

पॅकला हळद घ्यायची तर एका वेळेला चिमूट, म्हणजे चहाच्या चमच्याचा आठवा भाग. पिवळेपणा राहिलाच तर चार थेंब तेल किंवा थोडी साय फिरवून पुसून घ्या, मग फेसवॉश. थेट साबण लावू नका. साबण अल्कली, आणि हळदीला अल्कली लागली की ती लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते ह्याच गुणावर. बेसन-हळदीत खायचा सोडा घालणाऱ्यांचा पॅक वाटीतच विटकरी होतो तोही त्यामुळेच.

आंबेहळद किंवा कस्तुरी हळद वापरली तर डाग कमी पडतो. पण कस्तुरी हळद म्हणून बाजारात भडक पिवळी पूड सर्रास मिळते. खरी फिकट, मातकट-पिवळसर असते आणि वासाला कापरासारखी. स्वयंपाकाच्या हळदीबाबत सुट्या पुडीपेक्षा हळकुंडं आणून दळून घेणं बरं. पुडीत मेटॅनिल यलो किंवा लेड क्रोमेटसारखे रंग मिसळल्याचे प्रकार होतात. शंका आलीच तर ग्लासभर पाण्यात अर्धा चमचा हळद टाका आणि ढवळू नका. चांगली हळद तळाला बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी भडक झालं तर ती पूड ना भाजीत घाला ना चेहऱ्यावर.

मिश्र त्वचेला एकच पॅक सगळीकडे लावायचा हट्ट का धरायचा? दोन वाट्या घ्या. कपाळ-नाक-हनुवटीसाठी: मुलतानी माती दोन चहाचे चमचे, गुलाबपाणी साधारण तितकंच, मध अर्धा चमचा. गुलाबपाणी थोडं थोडं घाला, इडलीच्या पिठाइतपत दाट झालं की थांबा. गालांसाठी: ताजं दही मलमलीत अर्धा तास टांगून केलेला चक्का एक मोठा चमचा, मध एक चहाचा चमचा, वस्त्रगाळ बेसन अर्धा चमचा, हळद चिमूट. दही न टांगता घेतलं तर पाणी सुटून पॅक मानेवरून उशीवर जातो. आंबट झालेलं दही नको, झोंबतं.

मध थंडीत रवाळ झाला असेल तर तो भेसळीचा असं नाही, चांगला मधही साखरतो. बाटली कोमट पाण्यात ठेवून पातळ करून घ्या. ते रवेच चेहऱ्यावर घासले तर पुन्हा साखरेचा स्क्रब.

आणि 'पूर्ण सुकेपर्यंत' हे कोण सांगतं कळत नाही. माती सुकून तडकायला लागली की ती त्वचेतलं पाणी ओढते, आणि तोंड हलवलं की बारीक ओढ बसते. कडेचा रंग फिका व्हायला लागला, मध्ये अजून ओलसर आहे, तेव्हाच काढायचा. ८ ते १० मिनिटं. मे महिन्यात पंख्याखाली तर ६ मिनिटांतच वाळतो, हाताशी गुलाबपाण्याचा फवारा ठेवा. काढताना खरवडू नका. दुसरा गरम पंचा वर ठेवा, अर्धा मिनिट थांबा, माती फुगली की पुसून घ्या.

तासगावच्या द्राक्षांचा पॅकही कोणीतरी सुचवेलच. द्राक्षं खा.

विश्रामबागकर

सगळ्यांचे आभार, एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. दोन गोष्टी राहिल्या. नाकावरच्या ब्लॅकहेडचं काय करू, पिन नाहीच का वापरायची? आणि बहिणीलाही करून द्यायचंय. तिच्या गालांवर वांग आहे आणि ती मेडिकलमधून आणलेलं एक क्रीम दोन वर्षं लावतेय, त्याने चेहरा उजळतो म्हणून. तिला हेच सगळं चालेल ना?

औषधवाला

ताई, बहिणीला वाफ देऊ नका, गरम पंचाही नको. वांग उष्णतेने वाढतो, नुसत्या उन्हाने नाही. चुलीसमोर, भट्टीसमोर काम करणाऱ्यांचा वांग लवकर हटत नाही, त्यात उष्णतेचाही भाग असतो. बहिणीला साध्या पाण्यात पिळलेला पंचा, हलका मसाज आणि साधं मॉइश्चरायझर एवढंच द्या. हळद-मातीही तूर्त नको.

आणि आधी त्या ट्यूबची मागची बाजू वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं एखादं नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनच्या जोडीला स्टेरॉइड घातलेली मिश्रणंही मिळतात. ती औषधं आहेत, डॉक्टरांनी नेमून दिलेल्या काळापुरती. महिनोन्महिने तोंडाला लावली की त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात, उन्हात गेलं की आग होते, आणि क्रीम थांबवलं की पुरळ आणि लाली दुप्पट जोराने परत येते. मग माणूस घाबरून पुन्हा तेच लावतो. अशा चेहऱ्यावर वाफ आणि स्क्रब म्हणजे जखमेवर मीठ. स्वतःच्या मनाने एकदम बंदही करायला लावू नका, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. ते हळूहळू सोडवतात. ट्यूब सोबत न्या, नुसतं नाव सांगून गोंधळ होतो.

वाफ टाळायला हवी असे आणखी काही: गाल सतत लालबुंद राहणारे, इसब असलेले, पिकलेल्या मुरमांचे, ओठावर जर (तापाचे फोड) उठलेले, ताजा सनबर्न झालेले, आणि दमा असलेल्यांपैकी गरम वाफेने ज्यांना धाप लागते ते. मुरमांसाठी अडॅपलिन किंवा ट्रेटिनॉइन लावत असाल तर स्क्रबच्या आधी चार-पाच दिवस ते थांबवा आणि नंतर दोन दिवसांनी सुरू करा. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर स्क्रब, वॅक्स, ब्लीच काहीच नको.

ब्लॅकहेड: काळी दिसते ती धूळ नसते. रंध्रातलं तेल आणि मेलॅनिन हवा लागून काळवंडतं, म्हणून घासून जात नाही. नाकावर सारख्या अंतरावर दिसणारे राखाडी ठिपके तर बहुधा ब्लॅकहेडही नसतात. ती रंध्राची नेहमीची तेलाची वात असते, काढली की काही आठवड्यांत पुन्हा भरते. पिनेने किंवा नखाने काढायला गेलात तर रंध्राची भिंत आत फाटते आणि साध्या ठिपक्याची पुळी होते, मग डाग. २ टक्के सॅलिसिलिक ॲसिडचं फेसवॉश किंवा सीरम आठवड्यातून दोनदा, फक्त नाक-हनुवटीवर. ते तेलात मिसळतं म्हणून रंध्रात शिरतं. फरक दिसायला सहा-आठ आठवडे द्या. फेशियलच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मात्र लावू नका.

पहिल्यांदाच लावताय तर कुठलाही पॅक आधी कानामागे किंवा कोपराच्या आत रुपयाएवढा लावून बघा आणि ४८ तास थांबा. दही-मध-बेसन 'घरचं' आहे म्हणून ॲलर्जी येत नाही असं काही नाही. आणि ताजी कोरफड तोडून थेट चोळतात ते टाळा. पान कापल्यावर जो पिवळा चीक येतो तोच झोंबतो. पान दहा-पंधरा मिनिटं उभं ठेवून चीक निथळू द्या, धुवा, मग आतला गर घ्या.

लावल्यावर किंचित चुणचुण एक वेळ ठीक. आग होत असेल तर वेळ मोजत बसू नका, लगेच भरपूर साध्या पाण्याने धुवा आणि नुसती पेट्रोलियम जेली किंवा बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा. आग शमवायला म्हणून त्यावर आणखी कोरफड, बर्फ, चंदन काही नको. सूज आली, फोड आले किंवा डोळ्यांपाशी गेलं तर डॉक्टर.

कृष्णाकाठ

बर्फाबद्दल थोडा वेगळा सूर. बर्फ अगदीच वाईट नाही, सकाळी डोळ्याखालची सूज उतरायला उपयोगी आहे. पण उघडा खडा चोळायचा नाही. रुमालात गुंडाळून, एका जागी काही सेकंदांपेक्षा जास्त न ठेवता, एकूण मिनिटभर. आणि रात्रीच्या फेशियलनंतर तर नकोच: वाफेने गरम झालेल्या चेहऱ्याला एकदम गार केलं की लाली जास्त टिकते, आणि इतका वेळ घेऊन आणलेली सुस्तीही खाडकन उडते. झोपच काढायची असेल तर मग जागं कशाला करायचं?

फ्रीजमधला स्टीलचा चमचा हा सोपा उपाय. दहा मिनिटं ठेवा, पाठीकडची बाजू डोळ्याखाली टेकवा. फ्रीझरमधला नको, चिकटतो.

विश्रामबागकर

बहिणीच्या ट्यूबवर मोमेटासोन आहे. तिची अपॉइंटमेंट घेतली. धन्यवाद औषधवाला.

शेवटचं: हे किती दिवसांनी करायचं? आणि पुढच्या महिन्यात घरात लग्न आहे, तर थ्रेडिंग आणि हे कसं बसवू?

ब्यूटीक्लास_सातारा

वाफ-स्क्रब-पॅक असा पूर्ण घाट ३ ते ४ आठवड्यांतून एकदा. वरचा थर नवा यायलाच महिना लागतो, दर आठवड्याला घासून तो लवकर येत नाही. मसाज आणि गरम पंचा मात्र दर रविवारी खुशाल करा, त्याला बंधन नाही.

लग्नाच्या ५ ते ७ दिवस आधी फेशियल, त्यानंतर नवा पदार्थ एकही नाही. थ्रेडिंग लग्नाच्या दोन-तीन दिवस आधी. थ्रेडिंग किंवा वॅक्सच्या दिवशी वाफ, स्क्रब, पॅक काही करू नका, ओढलेल्या केसांच्या मुळाशी जागा उघडी असते आणि पुरळ उठतं. ब्लीचही त्याच आठवड्यात नको. म्हणजे या रविवारी एकदा पूर्ण करून बघा, काय सोसतं ते कळेल, आणि लग्नाच्या आठवडाभर आधी त्याच मापाने पुन्हा.

पॅक काढल्यावर चेहरा टिपायचा, पुसायचा नाही. थोडा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा, मटाराएवढे दोन ठिपके चेहऱ्याला आणि एक मानेला. त्या रात्री सीरम नको, टोनर नको. सकाळी एसपीएफ ३० किंवा वरचं सनस्क्रीन, तर्जनी आणि मधल्या बोटावर लांबीभर दोन रेघा काढाल इतकं, निघायच्या १५ मिनिटं आधी. हेल्मेटची काच खाली असली तरी लावा.

उरलेला ओला पॅक फ्रीजमध्ये ठेवू नका, दह्याचा तर नाहीच. मसूर पीठ आणि मुलतानी माती मात्र वेगवेगळ्या कोरड्या बरण्यांत भरून ठेवा आणि चमचा कोरडाच घाला. पावसाळ्यात पिठाला कुबट वास आला की टाकून द्यायचं, ऊन दाखवून परत वापरायचं नाही.